याच्यात ऑगस्ट कोठी हाय? : अकरा विहिरींच्या नोंदी आणि एक रेषालेख

आमचं गाव वरुड तालुक्यातलं. वर सातपुडा, खाली संत्र्याच्या बागा, आणि बागांच्या खाली दरवर्षी थोडं थोडं खोल जाणारं पाणी. वरुड आणि मोर्शी हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात वर्षानुवर्षं ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेलेले. जुनी माणसं अजूनही ‘डार्क झोन’ म्हणतात. विहिरी चाळीस ते साठ फुटांच्या, बोअर शेकडो फुटांचे. अशा गावात विहिरीत किती पाणी उरलं हे ज्याला नीट कळलं त्याला पुढचा बहार किती झाडांवर घ्यायचा ते कळलं.

शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यावरून पाणलोटाचं चित्र कळतं. शेजारच्या वावरातली विहीर या आठवड्यात किती उतरली, हे त्यातून कळत नाही. म्हणून गावाच्या पाणी समितीनं ठरवलं की आपल्या अकरा विहिरी आपणच दर रविवारी मोजायच्या. पहिली मोजणी २ जानेवारी २०२२ ला झाली. मोजणाऱ्या आमच्या जलसुरक्षक ताई, म्हणजे गावाच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या. त्या वहीत लिहीत, मी त्या नोंदी डेटाबेसमध्ये घेऊन वेबपानावर दाखवायचो. माझं पोटापाण्याचं काम वेबसाइट बनवण्याचंच, त्यामुळे समितीनं हा भार माझ्यावर टाकला आणि मी आनंदानं घेतला.

पुढं जे घडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण डेटाबेसमधल्या नोंदी आलेखावर आणणारा प्रत्येक जण या वाटेनं जातो. माझ्या चुकांची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली, हेही एक कारण.

एका संध्याकाळीत झालेलं काम

सुरुवातीला पानावर नुसता तक्ता होता: विहीर नंबर, तारीख, खोली. अकरा विहिरी, बावन्न रविवार, म्हणजे वर्षाच्या पावणेसहाशे ओळी. फोनवर बोटानं सरकवत कोण वाचणार? ज्यांच्या विहिरी त्यांनीही चार दिवस पाहिलं आणि सोडून दिलं. तेव्हा २०२३ च्या दिवाळीनंतर मी रेषालेख करायला बसलो.

कामाची रीत सरळ आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलातून एका विहिरीच्या ओळी तारखेच्या क्रमानं मागवायच्या, सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेनं त्यांचा जेसन, म्हणजे ब्राउझरला वाचता येईल असा मजकूर, करून ब्राउझरला द्यायचा, आणि ब्राउझरमध्ये चार्ट डॉट जेएस ही मोफत लायब्ररी, म्हणजे आलेख काढणारा तयार कोड, त्या आकड्यांचे बिंदू मांडून त्यांना रेघेनं जोडते. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर खोली. इंटरनेटवर एक नमुना सापडला, त्यात माझी टेबलं घातली आणि रात्री नऊच्या आत पडद्यावर रेघ उमटली.

पहिल्या झटक्याला ती रेघ म्हणजे लहान पोरानं पाटीवर गिरगटल्यासारखी होती. कारण लगेच सापडलं. तारखेचा रकाना मी मजकूर म्हणून ठेवला होता, आपण हातानं लिहितो तसा: दिवस, महिना, वर्ष. मजकूर म्हणून क्रम लावला की ०१/०१/२०२३ नंतर ०१/०५/२०२२ येते, तिच्यानंतर ०२/०१/२०२२ आणि मग ०२/०४/२०२३. अक्षरांच्या हिशेबानं तो क्रम बरोबरच आहे. मी रकाना खऱ्या तारखेच्या प्रकारात बदलून घेतला आणि रेघ सुतासारखी सरळ झाली. तिथंच मला वाटलं की काम संपलं.

सरळ झालेली रेघ बरोबरही असते, असं मी धरून चाललो. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

डिसेंबरची बैठक

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या संत्र्यांचा, हिशेब मांडायचा महिना. झाडं ताणावर, म्हणजे पाणी तोडून ठेवलेली, असतात, जानेवारीत पाणी सोडायचं असतं, आणि एकदा पाणी सोडलं की पावसाळ्यापर्यंत तोडता येत नाही. मध्येच पाणी संपलं तर फळ गळतं, कधी कधी झाडही जातं. त्यात गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर बागांच्या पट्ट्यातच. तेव्हा किती झाडांवर बहार घ्यायचा आणि फेब्रुवारीनंतर उपसा कसा आवरायचा यावर शाळेच्या खोलीत बैठक होती. सरपंचबाईंनी मला आलेख भिंतीवर दाखवायला सांगितला.

सात नंबरची विहीर मी मुद्दाम आधी लावली, कारण ती पिण्याच्या विहिरीच्या सगळ्यांत जवळची. रेघ भिंतीवर आली तसं खोलीत कुजबुज सुरू झाली. एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, ‘दादा, हे रेघ मे महिन्यात वर कशी? मे मध्ये पाणी चढते काय?’

मी सांगितलं की उभ्या अक्षावर खोली आहे, पाणी खोल गेलं की आकडा वाढतो, म्हणून रेघ वर जाते. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी एका चित्राची समजूत काढतो आहे. रेघ वर म्हणजे पाणी वर, हे समोरच्या कोणाही माणसाला शिकवावं लागत नाही. उलटं मात्र प्रत्येक वेळी आठवण करून द्यावं लागतं.

मग दुसरा म्हणाला, ‘आन् हे टोक खाली आपटलं थे काय?’ सप्टेंबर २०२२ मध्ये रेघ एका जागी थेट शून्यावर येऊन परत वर गेली होती. शून्य खोली म्हणजे पाणी काठोकाठ. ज्यांनी चित्र नुसतं डोळ्यांनी वाचलं त्यांना तीच विहीर भर पावसाळ्यात एक आठवडा कोरडी पडलेली दिसली. दोन्ही अर्थ खोटे होते.

सात नंबरचे मालक काकाजी तोवर काही बोलले नव्हते. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. ते उठून भिंतीजवळ गेले, तारखा एकेक करून बोटानं पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘याच्यात ऑगस्ट कोठी हाय?’

मी पाहिलं. २३ जुलै २०२३ नंतरचा बिंदू थेट १५ ऑक्टोबरचा होता. मधल्या काळात ताई बाळंतपणाला माहेरी होत्या, बारा आठवड्यांत कोणी टेप सोडली नव्हती. आणि भिंतीवर त्या दोन बिंदूंमधलं अंतर इतर कोणत्याही दोन रविवारांमधल्या अंतराएवढंच होतं. साडेचौदा फूट आणि पंधरा फूट. सपाट, निवांत रेघ.

‘राखीच्या दिवशी माह्या इहिरीच्या बारा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या,’ काकाजी म्हणाले. ‘पोरगी आली होती, तिनंबी पाह्यल्या. झाडावर फळ होतं, पाऊस नव्हता, मी रात्र रात्र मोटर चालवली. थे तुमच्या रेघेत कोठी हाय?’

२०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. आमच्या बागाईतदारांनी तो महिना अंगावर काढलेला. आणि माझ्या आलेखात तो महिनाच नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘हे मोजमापच खोटं हाय.’ ताई तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन दाराजवळ बसल्या होत्या. दीड वर्ष उन्हातान्हात, चिखलात अकरा विहिरी फिरलेली ती बाई काही बोलली नाही. बैठक आलेख बाजूला ठेवून अंदाजानंच पार पडली. पुढचा महिनाभर पान कोणी उघडलं नाही. सर्व्हरच्या नोंदीत मला ते दिसत होतं.

वहीतला शेवटचा रकाना

पुढच्या रविवारी सकाळी ताईंचा फोन आला: ‘दादा, आज मोजायले तुम्ही चला माझ्यासोबत.’ बस्स, एवढंच.

त्या दिवशी जे पाहिलं ते मला दोन वर्षांपूर्वी पाहायला हवं होतं. टेपच्या टोकाला त्यांनी लोखंडी नट बांधलेला. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटची एक खूण, टेप कायम त्याच खुणेवरून सोडायची. नट पाण्याला टेकला की खालून बारीकसा आवाज येतो. त्या श्वास रोखून ऐकायच्या, मग दोन बोटं वर घ्यायच्या, पुन्हा टेकवायच्या, आणि दुसऱ्यांदा तोच आकडा आला तरच लिहायच्या. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली वेगळ्या रकान्यात. नऊ नंबरचा कठडा मालकानं गेल्या उन्हाळ्यात नव्यानं बांधला, अडीच फुटांचा साडेतीन केला, तेही वहीत तारखेनिशी होतं.

आणि सगळ्यांत शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना. मी तो डेटाबेसमध्ये घेतलाच नव्हता. आलेखाला आकडे लागतात, शेऱ्याचं काय करायचं, असा माझा विचार. वही बांधावर बसून पानोपान वाचली. ‘गेटला कुलूप.’ ‘नाल्याला पूर, जाता आलं नाही.’ ‘मोटर चालू होती.’ ‘मोटर रात्रभर, आत्ता बंद.’ ‘टेप नवीन.’ १५ ऑक्टोबरच्या ओळीच्या वर त्यांनी स्वतःच्या हातानं एक आडवी रेघ मारून लिहिलं होतं: ‘मध्ये मोजणी नाही.’ म्हणजे भिंतीवर जे चुकलं होतं त्यातलं जवळपास सगळं वहीत बरोबर होतं. चूक वही आणि पडदा यांच्यामधल्या वाटेवर झाली, आणि ती वाट माझी.

शून्य आणि रिकामं

दुरुस्तीला बसलो ती शून्यापासूनच. सप्टेंबर २०२२ च्या त्या रविवारी वहीत आकडा नव्हता, शेरा होता: पूर. फॉर्ममध्ये ताईंनी रकाना रिकामा ठेवला. रिकामा रकाना मजकूर म्हणून डेटाबेसकडे गेला, आणि माझं मायएसक्यूएल काटेकोर नसलेल्या जुन्या पद्धतीवर चालत असल्यानं त्यानं रिकाम्या जागी मुकाट्यानं शून्य लिहून घेतलं. काटेकोर पद्धत चालू असती तर नोंद नाकारली गेली असती आणि मला त्याच दिवशी कळलं असतं. ५.७ पासूनच्या आवृत्त्यांत ती मुळातच चालू असते. मी एका जुन्या अडचणीवर उपाय म्हणून ती बंद केली होती. जावास्क्रिप्टही याला हातभार लावतं: रिकाम्या मजकुराचं किंवा ‘नल’चं (‘इथं काहीच नाही’ अशी खूण) संख्येत रूपांतर केलं की तिथंही शून्यच मिळतं.

विहिरीच्या खोलीत शून्याइतका घातक आकडा दुसरा नाही. दुकानाच्या विक्रीत शून्य म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही, चालून जातं. इथं शून्य म्हणजे पाणी जमिनीला लागलं. मी वहीवरून एकेक शून्य तपासलं. एकूण एक शून्य कुलपाचं, पुराचं किंवा विसरण्याचं निघालं. त्या जागी आता ‘नल’ आहे, आणि त्याच्या शेजारी शेरा.

काही आकडे फुटांऐवजी मीटरमध्ये आले होते, तो प्रश्नही वहीनंच सोडवला. ऑक्टोबरनंतर काही आठवडे ताईंच्या धाकट्या दिरानं मोजणी केली. टेपच्या एका बाजूला फूट, दुसऱ्या बाजूला मीटर. त्यानं दोनदा दुसरी बाजू वाचली आणि सतरा फुटांच्या जागी ५.२ आलं. असे आकडे मी खोडले नाहीत. मूळ वाचन, त्याचं एकक आणि कठड्याची त्या दिवशीची उंची असे तीन रकाने केले. जमिनीपासूनची खोली त्यांवरून काढली जाते. नऊ नंबरची फुटाची उडीही त्यामुळे आपोआप गेली.

ऑगस्ट दोनदा चुकला

आता काकाजींचा प्रश्न. चार्ट डॉट जेएसमध्ये आडवा अक्ष दोन तऱ्हांचा करता येतो. एक साधा वर्गवारीचा, त्यात प्रत्येक ओळीला सारखी जागा मिळते, मग दोन नोंदींमध्ये सात दिवस असोत की चौऱ्याऐंशी. दुसरा काळाचा, तो खऱ्या दिवसांच्या प्रमाणात जागा देतो. माझ्या नमुन्यात पहिला होता. काळाचा अक्ष लावला आणि ऑगस्ट कागदावर आला.

ते छापून मी काकाजींकडे गेलो. त्यांनी खाटेवर बसून बराच वेळ पाहिलं. ‘आता ऑगस्ट आला,’ ते म्हणाले, ‘पन खोटा आला.’

कारण २३ जुलैच्या साडेचौदापासून १५ ऑक्टोबरच्या पंधरापर्यंत आता एक लांबलचक सपाट रेघ होती. आधीच्या चित्रात ऑगस्ट दिसत नव्हता. या चित्रात ऑगस्टमध्ये पाणी साडेचौदा फुटांवर होतं असं ठामपणे म्हटलं होतं. हे जास्त वाईट. बिंदू ताईंनी मोजलेला असतो, पण दोन बिंदूंमधली रेघ आलेख काढणाऱ्याची असते. ती म्हणते की मधल्या दिवसांतही पाणी साधारण असंच होतं. एका आठवड्यापुरतं ते म्हणायला मी तयार आहे. बारा आठवड्यांसाठी नाही.

रेघ तोडायची म्हटल्यावर एक वेगळीच अडचण पुढं आली. ‘नल’ असेल तिथं लायब्ररी रेघ आपोआप तोडते. पण त्या बारा आठवड्यांत ‘नल’ही नव्हता, कारण ओळीच नव्हत्या. न झालेली मोजणी डेटाबेसमध्ये कुठंच नसते. नसलेली गोष्ट दाखवायची तर आधी ती असायला हवी होती हे कुठंतरी मांडावं लागतं. म्हणून मी सगळ्या रविवारांचं एक टेबल बनवलं आणि मोजणीचं टेबल त्याला लेफ्ट जॉइननं जोडलं, म्हणजे मोजणी असो नसो, प्रत्येक रविवार यादीत राहतो. मोजणी नसलेले रविवार ‘नल’ घेऊन आले, रेघ तुटली.

आणि काही खरे बिंदूही गायब झाले. तान्हा पोळा, गावची जत्रा, कोणाचं लग्न असलं की ताई सोमवारी मोजत. सोमवार रविवारांच्या टेबलात बसेना. शेवटी ते टेबल सोडलं आणि नियम बदलला: दोन लागोपाठच्या नोंदींत किती दिवस गेले ते पाहायचं. मायएसक्यूएल ८ मध्ये लॅग नावाचं फंक्शन मागच्या ओळीची तारीख आणून देतं. आठ दिवसांपर्यंत अखंड रेघ, पंधरापर्यंत तुटक, त्यापुढं काहीच नाही. हे आकडे मी ठरवलेले नाहीत. मी काकाजींना आणि ताईंना विचारलं की विहीर किती दिवस न पाहता तुम्ही छातीठोकपणे सांगाल. काकाजी म्हणाले, आठ दिवस. ताई म्हणाल्या, हिवाळ्यात पंधरा चालतील.

त्याच ओघात दोन बारीक गोष्टी निघाल्या. जुन्या आवृत्तीच्या नमुन्यामुळे रेघ गोलाईदार येत होती. जुलैच्या पावसात पाणी झपाट्यानं चढून थांबलं की ती गोलाई मोजलेल्या बिंदूच्याही वर जाऊन परत येई, म्हणजे कधीच न आलेलं पाणी दाखवी. गोलाई काढून टाकली, दिसायला टोकदार झाली तरी चालेल. दुसरं म्हणजे काही तारखा एक दिवस मागं सरकत होत्या. ताईंनीच पकडलं: ‘शनिवारी मी कधीच मोजत नाही.’ भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. आपल्याकडची मध्यरात्र जागतिक वेळेत बदलली की आदल्या दिवशीची संध्याकाळ होते. तारखेला वेळेत गुंतवायचंच नाही, मजकूर म्हणून सर्व्हरवरून जशीच्या तशी छापायची, हा त्यावरचा उपाय.

करवतीचे दाते

रेघ इतकी स्वच्छ झाल्यावर तिच्यात एक गोष्ट दिसली जी तक्त्यात दोन वर्षं कोणाला दिसली नव्हती. हिवाळ्यात सहा विहिरींची रेघ करवतीच्या दात्यांसारखी चाले: एक आठवडा खाली, एक आठवडा वर. फरक चार-पाच फुटांचा. मला पुन्हा कुठंतरी चूक वाटली. मग शेऱ्याचा रकाना शेजारी ठेवला आणि उलगडा झाला. आमच्या फीडरवर, म्हणजे वावरांना वीज देणाऱ्या वाहिनीवर, मोटर चालवणारी थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर पहाटेपर्यंत चाले आणि ताई सकाळी सातला टेप सोडत, तेव्हा विहीर उपसलेली असे. दिवसाच्या आठवड्यात तिला रात्रभर भरायला वेळ मिळे. म्हणजे त्या रेघेत अर्धं पाणी होतं आणि अर्धं लाईनचं वेळापत्रक.

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. चुकीच्या आलेखानं आम्हाला फसवलं. नीट केलेल्या आलेखानं मोजण्याची पद्धतच सुधारली. आता रात्रीच्या आठवड्यात मोजणी रविवारी संध्याकाळी होते, विहिरीला दिवसभर विसावा मिळाल्यावर. सौर पंपाच्या तीन विहिरींना हा प्रश्न नाही, त्या सकाळीच. जुन्या नोंदींत जिथं ‘मोटर रात्रभर’ असा शेरा आहे तिथला बिंदू पोकळ दाखवला आहे. तो दिसतो, पण रेघ त्याच्यावरून जात नाही.

पान आज कसं आहे

उभा अक्ष उलटा केला: वर शून्य, म्हणजे जमीन, खाली विहिरीचा तळ. तळ प्रत्येक विहिरीला तपकिरी रेघेनं दाखवला. आधी लायब्ररी आपल्या मनानं बारा ते अठरा फूट एवढाच तुकडा मोठा करून दाखवायची आणि दोन फुटांची उतरण कड्यासारखी भासायची. आता अठ्ठेचाळीस फुटांची विहीर अठ्ठेचाळीस फुटांचीच दिसते. रेघेच्या खाली तळापर्यंत निळा रंग भरला, आणि त्या दिवसापासून हे चित्र कोणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

अकरा रेघा एकाच आलेखात घालून पाहिल्या, गुंता झाला. प्रत्येक विहिरीला आपापला आलेख दिला, माप सगळ्यांचं एकच.

फोनसाठी मात्र लायब्ररी सोडून दिली. बागेत नेटवर्कची एक कांडी असते, कधी तीही नसते. सर्व्हरवरच पीएचपीनं एसव्हीजी, म्हणजे मजकुरात लिहिलेलं चित्र, काढून पाठवतो; बिंदूंच्या जोड्यांची एक यादी आणि काही ओळी मजकूर एवढंच ते असतं. यात एक गोष्ट मनाला फार भावली. एसव्हीजीमध्ये शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि उभा आकडा खाली खाली वाढत जातो, विहिरीत टेप सोडल्यासारखा. लायब्ररीत जो अक्ष उलटा करावा लागत होता तो इथं मुळातच सुलट निघाला.

बागाईतदार सगळ्यांत जास्त जो आलेख उघडतात तो कॅलेंडर वर्षाचा नाही. पाण्याचं वर्ष पावसाळ्याबरोबर सुरू होतं, म्हणून आडवा अक्ष १ जून ते ३१ मे असा धरला आणि दरवर्षीची रेघ एकावर एक ठेवली: चालू वर्ष ठळक, मागची फिकट. डिसेंबरात माणूस आजच्या तारखेवर बोट ठेवतो आणि पाहतो की मागच्या वर्षी याच दिवशी पाणी कुठं होतं आणि तिथून एप्रिलपर्यंत कुठं गेलं. दोघा-तिघांनी मागितलं की पुढची रेघही काढून दे, ठिपक्यांची. मी नाही म्हटलं आणि अजूनही म्हणतो. कोण किती तास मोटर चालवणार हे माझ्या टेबलात नाही.

डिसेंबर २०२४ च्या बैठकीत पुन्हा भिंतीवर सात नंबर लावली. या वेळी ताई पुढच्या रांगेत होत्या, वही मांडीवर. २०२३ च्या रेघेत जुलैअखेर ते ऑक्टोबर मधोमध एक मोकळी जागा, तिच्यात बारीक अक्षरांत ‘मोजणी नाही’.

काकाजींना ते पटलं, पण पुरलं नाही. ‘बारा पायऱ्या टाक न तिथं,’ ते म्हणाले. ‘एक पायरी पाऊण फुटाची धर, कर हिशेब.’ मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ‘काकाजी, मी त्या दिवशी टेप सोडली नाही. टिंब नाही देत मी.’ दोघं थोडा वेळ आपापल्या म्हणण्यावर राहिले. मग ताईच म्हणाल्या की शेरा लिहू.

ऑगस्टच्या मोकळ्या जागेत आता आणखी एक ओळ आहे, रेघेला न टेकलेली: ‘राखीच्या दिवशी बारा पायऱ्या उघड्या. मालकांनी सांगितलेलं.’